गळा आमचा, टेप कुणाची?



या वेळचं संपादकीय सत्काराचं आहे. सत्कार म्हटलं की आपल्या पोरांच्या कपाळावर आठी पडते, मला ठाऊक आहे. शाल, श्रीफळ, आमदाराचा हात, फोटो. ज्याचा सत्कार त्याला बोलायला दोन मिनिटं, आमदाराला पाऊण तास. तसला सत्कार नाही हा. जुन्या टेपा, जुन्या तबकड्या, जुनी रिळं सांभाळणारी, त्यातला आवाज कुणाचा हे शोधत आयुष्य घालवणारी जी मूठभर माणसं आहेत, त्यांच्याबद्दल मला लिहायचंय. आणि लिहिता लिहिता भांडायचंही आहे. कारण आवाज सांभाळणं हे निरुपद्रवी काम नाही. कुणाचा आवाज कपाटात ठेवायचा आणि कुणाचा भंगारात घालायचा, हे जो ठरवतो तोच उद्याचा इतिहास ठरवतो.

आपल्या खानदेशाचंच घ्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले. लगेच पुढल्या वर्षी, १९२७ साली, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. दप्तरं, बखरी, सनदा, पोथ्या जपल्या गेल्या. त्याच धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. तिथं रामदासी बाडं ठेवलीत. ज्यांनी ही कामं केली त्यांच्या चिकाटीला मी नावं ठेवणार नाही. राजवाडे कागदासाठी गावोगाव वणवण हिंडले, हे खरंच आहे. पण कागदावर होतं कोण? ज्याच्या हातात बोरू होता तो. ज्याच्या हातात झाडू होता, ज्याच्या खांद्यावर मेलेलं ढोर होतं, त्याला लिहायला बंदीच होती. त्याचा इतिहास गळ्यात राहिला. कागदाचं मंडळ शंभरीला टेकलं. गळ्याचं मंडळ कुठाय?

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हतं. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. घरातल्यांनी गाणी टिपून ठेवली होती, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं आणि महाराष्ट्र थक्क झाला. शब्द वाचले. पण ती माउली ते म्हणायची कशी, श्वास कुठं घ्यायची, कुठल्या शब्दावर थांबायची, हे कागदात मावत नाही. आणि बहिणाबाईंच्या घरात निदान लिहिणारा कवी मुलगा तरी होता, सोपानदेव. महारवाड्यात, मांगवाड्यात, भिल्लाच्या पाड्यावर ज्या बाया तेवढ्याच तोलाचं गात होत्या, त्यांच्या घरात कोण होतं लिहायला? त्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर सगळं गेलं. असं किती गेलं याची मोजदाद करायलाही काही उरलं नाही.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ साली निघाला. जोतिराव १८९० पर्यंत होते, सावित्रीबाई १८९७ पर्यंत. त्यांचा आवाज आपल्याकडे नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा साहेब कलकत्त्यात आला आणि त्यानं गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं. तिथून आपल्या देशातल्या तबकडीचा धंदा वाढला. ती जुनी तबकडी बनायची लाखेची. लाख म्हणजे झाडावरच्या किड्याची. ती लाख खरवडून गोळा करणारे हात बहुतेक आदिवासींचे. म्हणजे माल आपला, मजुरी आपली आणि त्यावरचं तीन मिनिटांचं गाणं दुसऱ्याचं! हा हिशेब आपल्याला नवा नाही, भो. विहीर खणायची आपण आणि पाणी प्यायचं त्यांनी, त्यातलाच प्रकार.

सरकारनंही आवाज घेतले. ग्रिअर्सनसाहेबाच्या भाषा सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात देशभरच्या बोलींच्या तबकड्या काढल्या. आपली खानदेशी त्याच्या छापील खंडात आहे, १९०७ सालच्या, भिल्लांच्या भाषांच्या शेजारी. सर्वेक्षणाची पद्धत अशी, की बायबलातल्या उधळ्या पोराची गोष्ट प्रत्येक बोलीत सांगून घ्यायची. गावोगावी, बोलीबोलीत, तीच गोष्ट. भाषेची तुलना करायला ते सोयीचं होतं, आणि त्या अभ्यासाचं मोल आहेच. पण बोलणाऱ्या माणसाला, ‘बाबा, तुझं स्वतःचं काय म्हणणं आहे?’ असं विचारायची पद्धत त्यात नव्हती. जीभ पाहिजे होती, माणूस नको होता. म्हणून मी म्हणतो, आवाज जपला एवढ्यानं भागत नाही. आवाज कुणी, कशासाठी घेतला आणि ज्याचा होता त्याचं नाव तिथं आहे की नाही, हे विचारलं पाहिजे.

जरा समुद्रापलीकडे बघू. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या भावंडांकडून. त्यांच्याकडची एक गोष्ट ऐका. जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सन नावाचा माणूस गुलामगिरीच्या काळात व्हर्जिनियात जन्मला. १८९० च्या सुमारास न्यूयॉर्कात रस्त्यावर, बोटीवर शीळ घालून पैसे मिळवायचा. फोनोग्राफवाल्यांनी त्याला धरलं. तेव्हा मेणाच्या नळकांड्यावर आवाज घेत आणि एकावरून हजार छापायची सोय नव्हती, म्हणून हा बिचारा दिवसभर तेच गाणं पुन्हा पुन्हा गायचा. गाणंही कसलं? काळ्या माणसाला हसणारं! स्वतःच्याच कातडीची टिंगल स्वतःच्या गळ्यानं, पैशासाठी. तरीही अमेरिकेतल्या पहिल्या लोकप्रिय ध्वनिमुद्रित गायकांत तो होता. १९१४ साली गरिबीत मेला आणि विसरला गेला. टिम ब्रूक्स नावाच्या अभ्यासकानं जुन्या कंपन्यांच्या याद्या, वर्तमानपत्रं, कोर्टाची कागदपत्रं उकरून त्याचं आणि त्याच्यासारख्या इतर काळ्या गायकांचं चरित्र उभं केलं. ‘लॉस्ट साउंड्स’ हे त्याचं पुस्तक २००४ साली आलं. आज जॉन्सनचं ते हसण्याचं गाणं अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत आहे.

त्याच देशात अशा कामाचा रीतसर सन्मानही होतो. १९६६ साली तिथं ध्वनिमुद्रणांच्या संग्राहकांची आणि अभ्यासकांची संघटना निघाली, असोसिएशन फॉर रेकॉर्डेड साउंड कलेक्शन्स. जुन्या ध्वनिमुद्रणांवरच्या उत्तम संशोधनाला ती १९९१ पासून दरवर्षी पुरस्कार देते. गाणाऱ्याला नव्हे, गाण्याचा माग काढणाऱ्याला. आपल्याकडे गायकाला पदक मिळतं, संगीतकाराला मिळतं, गाणं न ऐकलेल्या पुढाऱ्याला तर हमखास मिळतं. पण पंधरा वर्षं धूळ खात एकेका टेपेवर कोण गातंय हे वहीत लिहिणारा माणूस म्हणजे आपल्या लेखी रिकामटेकडा.

तर असे आपले रिकामटेकडे कोण, ते सांगतो. आमचा सत्कार त्यांना.

पहिला मान जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ, एक पुण्याची बाई आणि एक फ्रान्समधून येऊन इथलाच झालेला माणूस. १९८० च्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर खेड्यापाड्यांत जाऊन बायांच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. पुढे बर्नार्ड बेल या संगणक आणि संगीत दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकाच्या साथीनं त्या आवाजातही टिपल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया. गी २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. काम थांबलं नाही. २०१७ पासून ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया त्या ओव्या लोकांसमोर आणतंय. आणि तिथं प्रत्येक बाईचं नाव आहे, गाव आहे, जात आहे, पोरं किती, शेत किती, सगळं आहे. नुसती ‘एक ग्रामीण स्त्री’ नाही. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात आपल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या त्यात आहेत. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. जातं गेल्याचं मला दुःख नाही. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला विचारा, गिरणी आली तेव्हा तिनं काय म्हटलं ते. पण जात्याबरोबर तिचा बोलायचा एकुलता एक मोकळा वेळही गेला. त्या वेळेचा पुरावा या माणसांनी ठेवला. त्याला माझा सलाम.

दुसरा मान तबकडीवाल्यांचा. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली. डॉ. सुरेश चांदवणकर हे पेशानं भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी चोर बाजारातल्या, अडगळीतल्या तबकड्या गोळा केल्या, त्यांवर लेख लिहिले, ‘द रेकॉर्ड न्यूज’ नावाचं नियतकालिक चालवलं. हे काम कसं चालतं ते बघा. तबकडीच्या मधल्या कागदाजवळ, जिथं सुई शेवटी जाऊन थांबते, तिथं बारीक आकडा कोरलेला असतो. त्या आकड्यावरून गाणं कोणत्या साली, कोणत्या फेरीत घेतलं ते ताडता येतं. असे हजारो आकडे जुळवून सूची तयार होते. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियरनं अशीच ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची केली आणि १९९४ साली छापली. मिशीला पीळ देऊन ‘आमची परंपरा’ म्हणणारे पुष्कळ आहेत. आकडा वाचणारे किती?

तिसरा मान आपल्या गाण्याला ज्ञान मानणाऱ्यांचा. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांचा इतिहास स्वतःच लिहून ठेवला, म्हणून आज जलसा म्हणजे काय ते कळतं. पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे २०१३ साली गेल्या. चैत्यभूमीच्या, दीक्षाभूमीच्या फुटपाथवर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका आणि कॅसेटी यांकडे त्यांनी अभ्यासाचं साधन म्हणून बघितलं, तेव्हा पांढरपेशे विद्वान नाक मुरडत होते. बीड जिल्ह्यातले शाहीर आत्माराम साळवे, जन्म १९५३, मृत्यू १९९१. नामांतरासाठी गात फिरले. नामांतर १४ जानेवारी १९९४ ला झालं, ते ऐकायला शाहीर नव्हता. त्यांची विखुरलेली गाणी कार्यकर्ते केशव वाघमारे यांनी माणसामाणसांच्या आठवणीतून गोळा केली. स्वतःची झोळी घेऊन, दारोदार.

आणि विलास घोगरे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसं मेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरेनं गळफास घेतला. झोपडपट्टीवाल्यांवरच्या ‘हमारा शहर’ या १९८५ सालच्या चित्रपटात आनंद पटवर्धननं त्याचं गाणं टिपलेलं होतं. पुढे चौदा वर्षं चित्रीकरण करून त्यांनी २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण केला. आज विलास आपल्यासमोर उभा राहून गातो तो त्या फितीमुळे. फीत नसती तर पोलीस डायरीतली एक ओळ उरली असती. आता कळलं का, टेप म्हणजे काय? टेप म्हणजे साक्षीदार. आणि आपल्या लोकांचे साक्षीदार कोर्टात नेहमीच फुटतात. हा फुटत नाही. मात्र कुजतो.

इथंच मी दीपनगरावर येतो.

आपलं दीपनगर म्हणजे भुसावळच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. चिमणी, राख, कोळशाच्या वाघिणी. महाराष्ट्रभरातून आलेली आपली माणसं इथं फिटर झाली, हेल्पर झाली, क्लार्क झाली. महिन्याचा पगार आला आणि घरात पहिली चैनीची वस्तू आली ती टेपरेकॉर्डर. त्यावर वाजले वामनदादा, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक २००४ पर्यंत आयुष्यभर गावोगाव गात फिरले, हजारो गाणी रचली. विकत मिळणाऱ्या कॅसेटी कंपनीच्या. पण खरा खजिना दुसराच. जयंतीच्या रात्री स्टेजसमोर बसून कुणीतरी टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबून घेतलेल्या कॅसेटी. ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, जिथं बाबासाहेब मुक्कामाला होते, तिथल्या भीमस्मृती यात्रेतल्या कॅसेटी. गायनपार्ट्यांचे सवाल-जवाब. मध्येच पोराचं रडणं, माइकची शीळ, ‘अमुक अमुक यांच्याकडून पाच रुपये’ ही घोषणा. कंपनीची कॅसेट दुसरीकडे सापडेल. ही एकच प्रत आहे. पत्र्याच्या पेटीत, पलंगाखाली.

आणि वसाहतीचा नियम तुम्हाला माहीत आहे. माणूस रिटायर झाला की क्वार्टर खाली करावं लागतं. सामान टेम्पोत बसत नाही. मग पेटी उघडली जाते. पोरं म्हणतात, ‘बाबा, हे वाजवायला यंत्र कुठाय आता?’ आणि भंगारवाला किलोवर घेऊन जातो. उरलेल्या पेट्यांचं काम उन्हाळा करतो. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, वरून राख, पावसाळ्यात बुरशी. २०१९ साली युनेस्कोनं ध्वनिसंग्रहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर इशारा दिला होता, की २०२५ च्या आसपास चुंबकीय टेपा वाजवणंच अवघड होऊन बसेल. टेप टिकली तरी यंत्र नाही, यंत्र असलं तरी सुटे भाग नाहीत, दुरुस्त करणारा म्हातारा झाला. ती मुदत संपलीय, दोस्तांनो.

कुणी म्हणेल, पोरांना नोकऱ्या नाहीत, वस्तीला पाणी नाही, आणि तुम्ही कॅसेटीची रडगाणी गाताय. हा सवाल मी हसून टाळणार नाही. नोकरीसाठी मोर्चा काढायचाच आहे. पण मोर्चात गायचं काय? आणि उद्या कुणी छातीठोकपणे लिहिलं की या वस्त्यांमध्ये कधी काही घडलंच नाही, तर पुढ्यात टाकायचं काय? बाबासाहेबांची बीबीसीवरची १९५५ सालची मुलाखत आज पोरंपोरी मोबाइलवर ऐकतात. इंग्रजीत, त्या ठाम आवाजात. ऐकल्यावर किती थापा आपोआप गळून पडतात! ती मिळते कारण कुणीतरी, सातासमुद्रापलीकडे, टेप जागेवर ठेवली. याच माणसानं तीस वर्षं मराठी मुलखात मराठीत सभा गाजवल्या. त्यातल्या किती सभांचा आवाज आपल्या हाताशी आहे? लोक भाकरी बांधून चालत आले, ऐकून गेले, मेले. तेव्हा आपल्याकडे यंत्र नव्हतं, हे कारण होतं. आज प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे. आज कारण नाही.

दुसरा धोका उलटा आहे. आपला आवाज आता बाजारात खपतो. कित्येक कॅसेटींवर कंपनीचं नाव ठळक, गायकाचं बारीक आणि कवीचं गायब. आता तेच गाणं कुणीही इंटरनेटवर चढवतो, ढोलकी काढतो, डीजे घालतो, वर स्वतःचा शिक्का मारतो. कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं टिकतो. पण हक्क सांगायला आधी नाव पाहिजे. नावच पुसलं की हक्क कुणाचा? गावकुसाबाहेर ठेवायची ही नवी तऱ्हा आहे.

म्हणून सत्कार कसा करायचा ते लिहितो. भाषण नको, काम सांगतो.

पेटी उन्हातून, पत्र्याखालून काढा. कॅसेट वाजवण्याआधी मागची दोन प्लास्टिकची नखं मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. बुरशी दिसली तर वाजवू नका, वेगळी ठेवा. चांगला डेक मिळवा, त्याचं हेड स्पिरिटनं पुसा. मोबाइल कर्ण्यासमोर धरून घेऊ नका. तार जोडून संगणकात घ्या. एमपीथ्री नको, वेव्ह फाइल करा, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. तासाला साधारण एक जीबी जागा लागते, तेवढी परवडते. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावात. भुसावळची जळगावला, जळगावची धुळ्याला. मूळ कॅसेट फेकू नका. आणि टाळ्या, घोषणा, पोराचं रडणं कापू नका. तो कचरा नाही, ती सभा आहे.

त्याहून मोठं काम वहीचं. कोण गातंय, गाणं कुणी रचलं, ढोलकीवर कोण, गाव कोणतं, साल कोणतं, टेप कुणी केली, कुणाच्या घरात होती. म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून ऐकवा आणि लिहून घ्या. काका, आत्या, मावशी हयात आहेत तोवरच ही वही भरेल. त्यांना विचारल्याशिवाय बाहेर काही चढवू नका. बाई नको म्हणाली तर नको.

या अंकापासून आम्ही एक पान राखून ठेवतोय. ज्या पोरापोरीनं एक कॅसेट वाचवली आणि तिची वही भरली, तिचं नाव त्या पानावर छापू. गाणाऱ्याचं आणि कवीचं नाव तिच्या आधी. २७ ऑक्टोबर हा जगभर दृक्‌श्राव्य वारशाचा दिवस म्हणून पाळतात. त्या संध्याकाळी दीपनगरात स्टेज घालू. पाहुणा कुणी नाही. खुर्चीवर डेक ठेवू, आणि सगळे खाली बसून ऐकू. ज्याला सत्कार पाहिजे त्यानं कॅसेट घेऊन यावं.

शनिवारवाड्याच्या कागदाला शंभर राखणदार आहेत. आपल्या आजीच्या आवाजाला तुम्ही आहात. तुम्ही नसाल तर भंगारवाला आहे, आणि तो उद्या सकाळी नऊला गल्लीत येतो. पेट्या त्याच्या आधी उघडा.